रिकामी परत येणारी रेघ

दादा सुट्टीवर यायचा तेव्हा घरात आधी त्याची पेटी यायची आणि मग दादा. उंद्रीला एसटी थांबली की बाबा त्याची लोखंडी पेटी स्वतःच्या डोक्यावर घेत आणि दादा मागून गावभरचे रामराम घेत घेत येई. आमच्या आळीतून फौजेत गेलेला तो पहिला, आणि त्यातही रडारवर. रडार म्हणजे काय हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे मान जरा जास्तच. पेटी ओसरीवर टेकली की माय कढी फोडणीला टाकायची आणि फुनके वाफवायला घ्यायची, तुरीच्या भरड डाळीचे, हिरवी मिरची आणि लसूण ठेचून घातलेले. दादाला फुनके आवडतात असा आमच्या घरात ठरावच झालेला होता. मलाही आवडत, पण माझ्यासाठी म्हणून कोणी ते केल्याचं मला आठवत नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मी चिडून लिहू लागले की कोणीतरी म्हणेल, म्हातारीला फुनक्यांचासुद्धा राग आहे. आहे.

आमची बागाईत गावाला लागून होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि विहिरीवर डिझेलचं इंजिन. उजाडायच्या आधी बाबा ते चालू करत आणि त्याच्या टकटकीनेच आम्ही उठत असू. ते कधी बंद पडलं तर सगळं घर दचकून जागं होई, इतकी त्याची सवय झाली होती. सकाळी माय आणि मी मेथीच्या जुड्या बांधायला बसायचो. अमडापूरच्या बाजाराच्या आदल्या दिवशी बोटं हिरवी व्हायची आणि भाकरीलासुद्धा मेथीचा कडवट वास यायचा. वरच्या अंगाला आमचं एक कोरडवाहू वावर होतं, त्यात ज्वारी आणि हरभरा. त्या वर्षी मी मॅट्रिक झाले होते, बऱ्या मार्कांनी. आमच्या शाळेतले शास्त्राचे मास्तर बाबांना वाटेत गाठून म्हणाले होते, की पोरीला पुढे शिकवा. बाबा "पाहू" म्हणाले होते. आमच्याकडे "पाहू" म्हटलेलं काम त्या वर्षी होत नाही, पण नाहीसुद्धा म्हटलेलं नसतं, म्हणून मी आशा धरून होते.

दसरा झाला आणि दादा महिनाभराच्या सुट्टीवर आला. या खेपेला तो वेगळा वाटत होता. एरवी पहिले चार दिवस गावात मिरवण्यात जायचे. या वेळी तो ओसरीतल्या बाजेवर एक जाड इंग्रजी पुस्तक आणि एक वही घेऊन बसू लागला आणि पहिलीतल्या पोरासारखा मोठ्याने वाचू लागला. बाबा जाता येता कौतुकाने थांबत. "साहेबाचा अभ्यास चालू हाये," असं माय शेजारणींना सांगे. मी जुड्या बांधता बांधता ऐकत होते. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं, की तो रोज तेच पान वाचतोय.

एका दुपारी तो नदीकडे गेलेला असताना मी वही उघडली. चोरून उघडली हे कबूल करते. आत पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या आणि त्यांवर तांबड्या शाईच्या फुल्या होत्या. एकच आकृती दोन वेळा काढलेली, दोन्ही वेळा फुली, आणि खाली इंग्रजीत नापास. माझा दादा नापास होऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी वही मिटून ठेवली, पण तो आला तेव्हा माझं तोंड मला लपवता आलं नसावं.

"पाह्यली का तू वही?" त्याने विचारलं.

"हाव."

मला वाटलं आता थोबाडीत बसते. पण तो बाजेवर बसला आणि म्हणाला, "बाबाले सांगू नको. तिसऱ्यानं नापास झालो तं मले त्या कामावरून काढतीन. सामान उचलाच्या कामाले लावतीन." मग म्हणाला, "हातानं मले सारं येते वं. मशीन उघडून देतो, जोडून देतो. हे कागदावरचंच डोक्स्यात जात नाही."

मी म्हटलं, मला सांग. त्याला हसू आलं असणार, पण मागच्या काही दिवसांत ऐकायलाही कोणी नव्हतं म्हणून त्याने सांगितलं. आणि चांगलं सांगितलं, हे मला मान्य केलंच पाहिजे.

"जुनं रडार कसं, की खळ्यात मधी मेढ रोवते ना आपण, अन् तिच्याभोवती बैल फिरते? तशी गोल काचेवर एक उजेडाची रेघ मधल्या ठिपक्याभोवती फिरते. ज्या अंगाले विमान असन, तिथून जाताना रेघ एक चमकता ठिपका ठेवून जाते. तो हळूहळू इझते, तवर रेघ फिरून येते. लय फिक्कं असते ते, म्हून आम्ही अंधाऱ्या खोलीत बसतो. आता नवीन येऊन राह्यलं ते टीव्हीसारखं. चौकोनी. लख्ख. दिवसाउजेडी दिसते. त्याच्यात रेघ फिरत नाही."

"मंग?"

"पेरत जाते. तिफणीसारखी. काचेच्या नळीच्या मागच्या टोकाले एक बंदूक असते, तिच्यातून बारीक झोत निघते, अन् जिथी पडते तिथी काच चमकते. तो झोत वरच्या कोपऱ्यातून निघते, पेरणीच्या ओळीवानी एक तास पाडते, मंग खालचा दुसरा, मंग तिसरा. सव्वासहाशे तास. सारं वावर पेरून झालं की चित्र दिसते. अन् एका सेकंदात अशी पंचवीस वावरं."

तोवर मी टीव्ही पाहिलेला नव्हता. मीच काय, आमच्या अख्ख्या तालुक्यात तो कोणाच्या घरी असेल असं वाटत नाही. मुंबईला आहे आणि पुण्याला दिसतो एवढं पेपरात वाचलं होतं. पण बाजेच्या कडेला बसून मला तो त्या दुपारी दिसला, खरंच दिसला. एकाच ठिपक्याने सगळं चित्र काढायचं आणि माणसाच्या डोळ्याला कळूसुद्धा द्यायचं नाही, या गोष्टीचा मला इतका आनंद झाला की मी उठून उगाच पाणी पिऊन आले. आयुष्यात पुढे मला बऱ्याच गोष्टी मिळाल्या, लुगडी मिळाली, सोन्याच्या पाटल्या मिळाल्या, पण असं तहान नसताना पाणी प्यायला लावणारं काही मिळालं नाही.

परवाच नातवाला हे सांगत होते. तो म्हणाला, आजी, आता असं काही नसतं, झोत नाही, बंदूक नाही, नळी नाही, हा बघ भिंतीवर टांगलेला पातळ टीव्ही, यात सगळे ठिपके आपापल्या जागी बसलेले असतात. बरोबर असेल त्याचं. ज्याच्यासाठी माझा जीव जळला ते आता भंगारवालासुद्धा घेत नाही. पण म्हणून जळलेला जीव परत मिळत नाही, हे त्याला कोणी शिकवलेलं दिसत नाही.

तर वही. दादाने जी आकृती दोनदा काढली होती ती झोताच्या वाटेची होती. प्रश्न होता, काचेवर झोत कसा कसा जातो ते दाखवा. त्याने पहिली रेघ डावीकडून उजवीकडे काढली होती, दुसरी उजवीकडून डावीकडे, तिसरी पुन्हा डावीकडून उजवीकडे, अशी साऱ्या चौकोनभर नागमोडी वाट. मलाही ती बरोबरच वाटली. फुली का मारली असेल ते दोघांनाही कळेना. तो म्हणाला, शिकवणारा साहेब दूर देशीचा आहे, बोलतो ते अर्धं कळत नाही, आणि पुन्हा विचारलं की वर्गात सगळे हसतात.

दोन दिवसांनी वरच्या वावरात हरभरा पेरायचा होता. बाबा तिफणीवर आणि चाड्यावर मी. चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडी वाटी, तिच्यातून तीन नळ्या खाली फणांपर्यंत जातात. मागून चालत चालत मुठीतलं बी सारखं सोडत राहायचं, थांबलं की तास रिकामा पडतो. आमच्याकडे हे काम बायकांचंच. धुऱ्याशी, म्हणजे वावराच्या बांधाशी, पोचलं की बाबा तिफण उचलत, बैल वळवत, आणि तेवढ्या वेळापुरती मी मूठ आवळून धरी, बी वाया जाऊ नये म्हणून. मग तिफण टेकली की परतीच्या वाटेने पुन्हा पेरणी. त्या दिवशी माझं अर्धं डोकं वहीत होतं. धुऱ्यावर मूठ आवळली आणि मनात आलं, तो झोत वळताना काय करत असेल? त्याचीही कोणीतरी मूठ आवळत असेल का? त्या नादात मी परतीच्या तासाला बी सोडायलाच विसरले. वीस पावलं गेल्यावर बाबांच्या ध्यानात आलं. "काय करून राह्यली, शके? रिकामा तास काऊन पाडतं?" असं ओरडून त्यांनी बैल थांबवले. बोलणी खाल्ली, पण माझ्या डोक्यात ती वीस पावलं राहिली.

घरी आल्यावर हातपायही न धुता मी ते इंग्रजी पुस्तक उघडलं. झोताला ओढून नेणाऱ्या करंटची आकृती त्यात होती, करवतीच्या दातांसारखी. दादाने वहीत तीच उतरवली होती, पण त्याचे दात छपरासारखे होते, दोन्ही बाजूंना सारखा उतार. पुस्तकातला दात एका बाजूने लांब चढत होता आणि दुसऱ्या बाजूला धाडकन खाली पडत होता. म्हणजे जायला भरपूर वेळ आणि यायला जवळजवळ वेळच नाही. मग येताना तो पेरणार कधी? डिक्शनरी आमच्याकडे नव्हती. आकृतीखालच्या दोन ओळी मी चारपाच वेळा वाचल्या आणि मला त्यातला परत येण्याचा शब्द आणि काळं करण्याचा शब्द एवढे दोन कळले. तेवढे पुरले.

"दादा, येताना तो पेरत नाही. रिकामा येते," मी म्हटलं.

"तू पाह्यला का टीव्ही?"

"नाही."

"रडार?"

"नाही."

"मंग काऊन बोलून राह्यली? एवढी लांब जाऊन कोणी रिकामं परत येते का? बाबा येते का?"

"बाबाले बैलाची चाल फुकट घालवायची नाही, म्हून ते येता येता बी पेरते. त्या झोताले कुठी कडबा लागते?" मी त्याच्यापुढे पुस्तक सरकवलं. "हे वाच. वाचलं? ओळ संपली की तुह्या डोया कोठी गेला?"

"खालच्या ओळीच्या सुरवातीले."

"जाता जाता काही वाचलं का त्यानं?"

त्याने ती ओळ पुन्हा वाचून पाहिली.

"तिकडून चित्र पाठवणारा बी एकएक ओळ डावीकडूनच पाठवते. हा येता येता पेरत बसला तं दर दुसरी ओळ उलटी पडन. म्हून येताना झोत बंद करते, काळा करते, अन् लगेच डाव्या धुऱ्यावर आणून ठेवते. म्हून तो दात असा तुटल्यावानी हाये."

दादाने पुस्तकातल्या त्या दातावरून बोट फिरवलं. चिडला असेल असं मला वाटलं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर दुसरंच काही होतं. मी ते तेव्हा ओळखलं नाही. मला वाटलं त्याला आनंद झाला. त्याने पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "काढून दाखव." मी काढलं. भरीव रेघ जाण्याची, तुटक रेघ परतीची, आणि सगळ्यात खाली पोचल्यावर कोपऱ्यातून वर जाणारी एक लांब तुटक रेघ. त्याने ते दहा वेळा गिरवलं. आम्ही पोरांनी तिफणीमागे लहानपण काढलं, रिकामं परत येणं म्हणजे आळस असंच आम्हाला शिकवलेलं. त्या दूर देशीच्या साहेबाला ही चूक कुठून येते ते कधी कळलं नसतं आणि दादाला ती चूक आहे हे कधी दिसलं नसतं.

पुढचे पंधरा दिवस आमची शाळाच भरली. सकाळी मायच्या समोर, जुड्या बांधता बांधता. मी रात्रीतून विचार करून ठेवायचे आणि सकाळी त्याला सांगायचे. चित्र एका दमात का पेरत नाहीत, आधी एक सोडून एक ओळ आणि मग उरलेल्या का, तर सगळं वावर सावकाश पेरलं की वरचं खाली पोचेस्तोवर विझतं आणि डोळ्याला लुकलुक दिसते, दोन फेऱ्यांत केलं की ती लुकलुक मोडते, हे त्याला समजावताना मला स्वतःला नीट समजलं. माय ऐकत असायची. एकदा ती हसून म्हणाली, "काय बाई, फौजेत हा जाते अन् कवायत हिची." दादाही हसला. त्याच्यासारखा हसरा माणूस आळीत नव्हता. दादा वाईट माणूस नव्हता, असं इथे लिहायला हवं. लिहिलं. आता पुढे.

थंडीत त्याचं कार्ड आलं. पास झालो, वर्गात दुसरा आलो, पगार वाढला. बाबांनी ते कार्ड अमडापूरच्या बाजारात नेऊन वाचून घेतलं, खरं तर घरी मी वाचून दाखवलं होतं, पण परक्या माणसाच्या तोंडून ऐकण्यात मजा वेगळी. आळीत पेढे वाटले. मी ताट घेऊन घरोघर गेले आणि प्रत्येक घरी म्हटलं, दादा पास झाला. त्या कार्डात माझं नाव नव्हतं. मी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. कार्ड लहान असतं, आल्यावर तो तोंडाने सांगेल, असं मी धरून चालले.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर स्वतः घरी आले. अंगणात बाजेवर ज्वारीच्या बिबड्या वाळत होत्या आणि मी कोंबड्या हाकत बसले होते. मास्तरांच्या हातात छापील अर्ज होता. अकोल्याच्या एका संस्थेत रेडिओ आणि टीव्हीच्या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता आणि मुलींनाही घेत होते. मावशी अकोल्यालाच राहायची, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नव्हता. मास्तरांनी माझे मार्क आधीच पाठवले होते आणि मला घ्यायला ती माणसं तयार होती. अर्जावर फक्त पालकाची सही हवी होती आणि तो आठवड्याच्या आत पोचायला हवा होता. मास्तर बोलत होते आणि माझ्या कानात नुसतं इंजिन वाजत होतं.

बाबांनी अर्ज उलटासुलटा करून पाहिला. ते नाही म्हणाले नाहीत. आजही मी बाबांना दोष देत नाही. ते म्हणाले, "मास्तर, मले यातलं काही समजत नाही. पण घरात समजणारा हाये. वसंता परवा येऊन राह्यला सुट्टीवर. तो म्हणन तसं करू. तो हो म्हणाला तं मी सही करून देतो."

मास्तर माझ्याकडे पाहून हसले. मीही हसले. त्या दोन दिवसांत मी किती खूश होते ते आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. मी मायकडून जुनं पातळ मागून घेतलं आणि त्याच्या दोन पिशव्या शिवल्या, अकोल्याला न्यायला. फुनक्यांची डाळ त्या वेळी मीच भिजवली.

दादा आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पुन्हा आले. ओसरीत बाबा, मास्तर आणि दादा बसले, माय चुलीजवळ आणि मी मधल्या दारात. बाबांनी अर्ज दादाच्या हातात दिला. "तूच सांग बाप्पा. तुह्यं खातं हाये हे. पोरीले जमन का?"

दादाने अर्ज वाचला. पूर्ण वाचला, मागची बाजूसुद्धा. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मग म्हणाला, "बाबा, हे काम माणसाचं हाये. त्या नळीत हजारोनं व्होल्ट असते. बंद केल्यावर बी करंट राह्यते आत. हात लागला तं माणूस फेकल्या जाते."

"तिथे शिकवतात ना ते कसं सांभाळायचं," मास्तर म्हणाले.

"शिकवते, पण डोकं लागते त्याले, मास्तर. पाठ करून मॅट्रिक होणं येगळं अन् हे येगळं. आमच्याकडे भले भले नापास होऊन राह्यले. हे पोरीच्या डोक्स्यात बसनार नाही. मधातच परत येईन, मंग नाव खराब. लग्नाच्या वक्ती लोक इचारतीन, काऊन परत आली म्हून."

चुलीजवळून माय बोलली. माय पुरुषांच्या बैठकीत कधी बोलत नसे. ती म्हणाली, "अरे पण तिनंच तं तुले त्या टायमाले..."

"माय, तुले काय समजते त्यातलं?" दादा म्हणाला. मोठ्याने नाही, अगदी हसत म्हणाला. माय थांबली आणि तिने तव्यावरची भाकर उलटली.

मास्तर चांगले माणूस होते. त्यांनी शेवटचं म्हणून मला विचारलं, "शकुंतला, तुझं काय म्हणणं आहे? तुला जमेल असं वाटतं का?"

इथे मला थांबावं लागतं. या जागेवर मी पन्नासेक वर्षांत किती वेळा परत आले असेन त्याचा हिशोब नाही. दारात उभी असलेली मी मला स्वच्छ दिसते. मला एवढंच म्हणायचं होतं, की दादाची ती आकृती मी दुरुस्त केली, वही आणा, दाखवते. वही त्याच्या पेटीत होती, चार हातांवर. पण ते म्हटलं असतं तर बाबांच्या देखत, मास्तरांच्या देखत, दादाचं तोंड उतरलं असतं. ज्याच्या नावाने गावात पेढे वाटले त्याला बहिणीने शिकवलं, असं झालं असतं. मला वाटलं, मी काऊन सांगू, तोच सांगेल. अजून एका क्षणात सांगेल. मी त्याच्याकडे पाहत राहिले आणि तो अर्जाची घडी घालत राहिला.

"दादा म्हणते तसं," मी म्हणाले.

हे माझे शब्द. दुसऱ्या कोणी माझ्या तोंडात घातले नाहीत. दादाचा राग मला आयुष्यभर आला, पण रागाच्या मुळाशी गेलं की दरवेळी तिथे मीच उभी असते, खाली मान घालून, आणि मला त्या पोरीला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. मास्तरांनी अर्ज परत घेतला नाही, म्हणाले असू द्या, विचार बदलला तर कळवा. तो कोनाड्यात कंदिलाखाली पडून होता. मग तारीख उलटली आणि मायने एका सकाळी त्याने चूल पेटवली. मुद्दाम नाही, हाताशी आला म्हणून.

दोन वर्षांनी वडनेर भोलजीला माझं लग्न झालं. तिथे पुष्कळ वर्षांनी मालकांच्या चुलतभावाकडे टीव्ही आला. अर्धं गाव अंगणात बसलं होतं आणि पडद्यावर कोणीतरी बाई गात होती. मी उठून अगदी जवळ गेले, काचेला नाक लागेल इतकी, आणि मला त्या ओळी दिसल्या. एकाखाली एक, बारीक, सारख्या. मागून पोरं ओरडली, "अव काकू, सरका ना!" मी सरकले. घरी येऊन खूप रडले, आणि मालकांना वाटलं गाण्याने रडले.

पण मला सांगायचं आहे ते त्याच उन्हाळ्यातलं. दादाची सुट्टी संपली त्या दिवशी बाबा बाजारात वांगी घेऊन गेले होते, म्हणून त्याला पोचवायला मी गेले. पेटी त्याच्या हातात, दशम्यांचं गाठोडं माझ्याकडे. खामगावची गाडी यायला अवकाश होता. रस्त्याकडेच्या लिंबाखाली आम्ही उभे होतो आणि मी ठरवून आले होते की आज विचारायचं, माणसं नाहीत, तो आणि मीच आहोत, काऊन म्हणालास तसं, एवढंच. दादा इकडचं तिकडचं बोलत होता. लांबून गाडीची धूळ दिसली तेव्हा त्याने वाकून पेटी उघडली आणि कपड्यांखालून खाकी कागदात गुंडाळलेलं एक पातळ पुस्तक काढलं.

"हे ठेव," तो म्हणाला. "पुढची परीक्षा हाये दिवाळीच्या बाद. गोल रडारचं चित्र चौकोनी पडद्यावर कसं आणते, ते हाये याच्यात. मले तं काही उलगडून नाही राह्यलं. जिथी अडलं तिथी पेन्सिलनं खुणा केल्या. तुले समजन तसं लिहून पाठवजो."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्याला काही वाटत नव्हतं. मनात काही लपवलेलं आहे, अपराधी वाटतंय, असं काही तिथे नव्हतं. तो नेहमीसारखा हसत होता.

"अन् लिफाफ्यात पाठवजो हं, कार्डावर नको," तो म्हणाला. "पाठवणाराचं नाव बाबाचं टाकजो. आमच्याकडे सारे पाह्यते कोणाचं पत्र आलं ते."

तेव्हा मला कळलं, की त्याला सगळं कळलेलं आहे, माझ्या डोक्यात काय बसतं तेसुद्धा. गाडी थांबली. कंडक्टर ओरडला, दादाने पेटी वर चढवली. पुस्तक त्याच्या अंगावर फेकता आलं असतं, रस्त्यात टाकता आलं असतं, नुसतं परत देता आलं असतं. मी ते दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होते.

माय पुढे सगळ्यांना सांगायची, शकूचा भावावर फार जीव. तसं काही नव्हतं. त्या गावात मला पुढचं शिकवणारं ते एकच पुस्तक होतं आणि ते त्याच्या हातून येत होतं. गोलाचं चौकोनात कसं जातं हे मला कळायला हवं होतं. घरी पोचेस्तोवर चालता चालता माझी पहिली चार पानं वाचून झाली होती. दिवाळीच्या आत मी दादाला तीन लिफाफे पाठवले, आणि तिन्हींवर पाठवणाराच्या जागी स्वच्छ अक्षरात बाबांचं नाव लिहिलं.